दुसरी किल्ली

कॉलेजच्या नियामक मंडळाच्या बैठकीला नफिसा मुकादमांना अकराला बोलावलं होतं, आणि पावणेदोन वाजले तरी त्या बाहेरच्या खुर्चीवरच होत्या. मांडीवर फाईल, फाईलवर दोन्ही हात. त्यांना आत जाऊन एवढंच सांगायचं होतं, की वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक्रम बंद करायचा तर करा, पण बारा नंबरची खोली काढून घेऊ नका. त्या खोलीत चार हजार तीनशे झाडं होती.

झाडं म्हणजे वाळवून, कागदावर टाचून ठेवलेली. प्रबळगडापासून ढाकच्या डोंगरापर्यंतची, बावीस वर्षांत गोळा केलेली. गोळा करणारी माणसं दोनच: विभागप्रमुख नफिसाबाई आणि परिचर पोशा निरगुडा. पोशा चौथी शिकलेला, पण नुसत्या सालीचा वास घेऊन झाड सांगायचा. बाई मग त्याचं शास्त्रीय नाव शोधत आठ-आठ दिवस पुस्तकं चाळायच्या, आणि शेवटी पोशाचंच खरं निघायचं. मागच्या वर्षी तो निवृत्त झाला आणि दिवाळीच्या आधी वारलाच. त्याची जागा काही भरली नाही. बाई खोलीत एकट्याच डबा खायच्या. लोणचं मात्र दोघांपुरतं आणायच्या, सवय सुटत नव्हती.

मंडळाची एक रीत होती. अभ्यासक्रमांची समिती वेगळी, इमारतींची वेगळी, खरेदीची वेगळी; तिघींच्या फायली मंडळापुढे यायच्या. मंडळावरची मोठी माणसं मुंबई-पुण्याहून यायची. जेवणाआधी त्यांना वेळच वेळ असायचा. त्या दिवशी बागेतल्या बाकांच्या रंगावर त्यांनी चाळीस मिनिटं घालवली. पण एकदा का बाहेर ताटांचा आवाज झाला, की अध्यक्ष म्हणायचे, "उरलेले विषय एकत्रच घेऊ." हात वर व्हायचे आणि सगळं मंजूर. म्हणून जाणती मंडळी आपला विषय पहिल्या दहात लावून घ्यायची. बाईंना असलं कधी जमलं नाही. त्यांचा विषय सतरावा होता.

दोनला दार उघडलं आणि माणसं जेवायला निघाली. कुलसचिव हर्षद ठोंबरे बाईंना बघून थबकले.

"अहो मॅडम, तुम्ही अजून इथेच? तुमचं झालं की."

"काय झालं?"

"मंजूर झालं. सतरापासून पुढे सगळं एकत्र घेतलं. खोलीत आता ड्रोनचं केंद्र होणार. तुम्हाला पर्यावरणाचे तास दिलेत."

"आणि संग्रह?"

"त्याची योग्य ती व्यवस्था करायची, असं लिहिलंय."

"म्हणजे काय करायचं?"

"बघू ना. जेवून जा."

बाई जेवल्या नाहीत. बारा नंबरमध्ये जाऊन बसल्या. आधी राग आला. तो राग सांगायला खोलीत कोणी नव्हतं, तेव्हा मात्र त्यांना रडू आलं.

मेअखेरीस खोली रिकामी झाली. लाकडी कपाटं किडलेली म्हणून भंगारात गेली आणि झाडांचे गठ्ठे व्हरांड्यात प्लास्टिकखाली आले. पाऊस पंधरा दिवसांवर होता, आणि दमट हवेत ते कागद महिनाभरही टिकले नसते. बाई या ऑफिसातून त्या ऑफिसात हेलपाटे घालत राहिल्या. योग्य ती व्यवस्था कोणाकडे, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

आणि एका सकाळी साजगावच्या कारखान्यातून टेंपो आला. त्यात सहा नवी कोरी लोखंडी कपाटं.

"मॅडम, तुमची कपाटं," भांडारातला जितेश म्हणाला.

बाईंना आधी काही उमगेना. मग आठवलं. चार वर्षांपूर्वी पोशाच मागे लागला होता, "बाई, लाकडात कीड धरलीय. लोखंडाची कपाटं मागा. नाय दिली तं नाय दिली." बाईंनी तेव्हा केलेला अर्ज चार वर्षं टेबलाटेबलांवर फिरून नेमका त्याच बैठकीत पोचला होता, तेविसाव्या नंबरवर. मंडळाने एकाच हाताने सतराला विभाग बंद केला होता, विसाला त्याची खोली घेतली होती आणि तेविसाला त्याच विभागाला कपाटं दिली होती. तीन समित्यांच्या तीन फायली, शेजारी ठेवून बघणार कोण?

"आता परत पाठवणार?" बाईंनी भीतभीत विचारलं.

"कशी पाठवू? मंडळाची मंजुरी हाय. परत करायची तं पुन्हा मंडळाचाच ठराव लागंल. आणि एकदा नोंद झाली, का धा वर्षं कपाटाला कोणाला हात लावता येत नाय."

"ठेवायची कुठे?"

"विभागप्रमुख सांगंल तिथं. कागदावर अजून तुमचंच नाव हाय."

व्हरांड्याच्या कोपऱ्यात, जिन्याखाली, पाणी येत नव्हतं. तिथे कपाटं उभी राहिली. बाई दिवसभर गठ्ठे उचलून लावत होत्या. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तेच, संकलक: मुकादम, निरगुडा. पुढची दहा वर्षं तरी झाडं वाचली होती. एवढा आनंद झाला होता, आणि तो कुठे ठेवावा ते बाईंना कळत नव्हतं.

चारच्या सुमाराला जितेश नोंदवही घेऊन आला. कपाटाला किल्ल्या दोन. नियमाप्रमाणे एक प्रमुखाकडे, दुसरी परिचराकडे.

"दोनी रकाने भरावे लागतील मॅडम. रिकामा सोडला तं नोंद व्हत नाय."

बाईंनी पहिल्या रकान्यात सहा वेळा स्वतःचं नाव लिहिलं. मग दुसऱ्यातही सहा वेळा नाव लिहिलं: पोशा निरगुडा.

जितेश पोशाच्या मातीला गेला होता. त्याने सहाही ओळी वाचल्या, बोटाने एकेक करत. मग शिक्का मारला आणि किल्ल्यांचे दोन्ही जुडगे बाईंपुढे ठेवले. बाईंनी एक पर्समध्ये टाकला. दुसरा घरी पोचेपर्यंत त्यांच्या हातातच होता.