करंजवाडीच्या विहिरीतली काच

मोठ्या दुष्काळाच्या त्या सालात सूर्यभान नगरच्या एका सरकारी कचेरीत नोकरीला होता. जमिनीतलं पाणी किती खाली गेलं, ते मोजायचं काम. पट्ट्यापट्ट्यातली एखादी विहीर निवडलेली असायची. महिन्यातून एकदा तिथं जायचं, शिशाचं वजन बांधलेली फीत खाली सोडायची, तिला लावलेला खडू कुठपर्यंत भिजला ते बघायचं, मग थर्मामीटर पाण्यात धरून पाणी किती ऊन आहे तेही टिपायचं. भिंगारला त्याचं बिऱ्हाड होतं. पहाटे एसटीनं निघायचं, दिवेलागणीला परतायचं.

पाथर्डीच्या पुढं करंजवाडी हे त्याचं शेवटचं गाव. तिथल्या बाकीच्या विहिरी कधीच कोरड्या पडल्या होत्या. गावाबाहेरच्या पायऱ्यांच्या विहिरीत तेवढं तळाला डबकं होतं. बायका पार खाली उतरायच्या, तांब्या-तांब्यानं हंडा भरायच्या आणि तो डोक्यावर घेऊन पायऱ्या चढायच्या. विहिरीला लागूनच बायडाबाईचं घर. ही म्हातारी सूर्यभान आला की हमखास हाक मारायची आणि गुळाचा कोरा चहा द्यायची. तिचा थोरला मुलगा कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेला. घरात थोरली सून राहीबाई, तिची लहान पोरगी आणि धाकटा, बिनलग्नाचा कानिफनाथ. कानिफ दारू प्यायचा. विहिरीच्या कठड्यावर बाटली घेऊन बसायची त्याला सवय होती.

माघाच्या अखेरीस सूर्यभान करंजवाडीला पोचला तेव्हा भर दुपार झाली होती. वाटेत एसटी बंद पडल्यानं उशीर झालेला आणि परतीची गाडी यायच्या बेतात. थर्मामीटर भोकं पाडलेल्या पितळी नळीत ठेवूनच वापरायचा, अशी साहेबांची सक्त ताकीद होती. पण नळीत पारा स्थिर व्हायला फार वेळ लागायचा. शिवाय पाणी इतकं खाली गेलं होतं, की पायऱ्या उतरून जायला हवं होतं. सूर्यभानानं दोन्ही टाळलं. थर्मामीटर नळीतून काढला, नुसताच दोरीला बांधला आणि कठड्यावरून खाली सोडला. वाऱ्यानं दोरी हलली. खालून बारीकसा आवाज आला. त्यानं दोरी ओढून घेतली, तर तिच्या टोकाला थर्मामीटरचं वरचं बोटभर टोक तेवढं उरलं होतं.

खाली उतरून काच वेचायला हवी, हे त्याला कळत होतं. तेवढ्यात गाडीचा भोंगा ऐकू आला. विहिरीवर त्या वेळी चिटपाखरू नव्हतं. ते टोक खिशात घालून तो पळत सुटला.

गाडीत बसल्यावर त्यानं मनाशी ठरवलं, की उद्या साहेबांना सांगू. उद्या उजाडला तेव्हा त्यानं सांगितलं, थर्मामीटर एसटीच्या गर्दीत पिशवीत फुटला. करंजवाडीच्या पाण्याचा आकडा त्यानं मागच्या महिन्याचाच लावून दिला. साहेबांनी काही विचारलं नाही. नवा थर्मामीटर मिळाला. इतकं सोपं झालं, की त्याला हायसं वाटलं.

पुढच्या खेपेला बायडाबाईनं हाक मारली, चहा ठेवला आणि आपण होऊन सांगायला लागली. राहीच्या पायात काच घुसली होती. विहिरीत अनवाणी उतरली आणि पाण्यातच पाय पडला. चार दिवस पाय सुजून दुधीभोपळ्यागत झाला, तरी हंडे चुकले नाहीत, कारण आणणारं दुसरं कुणी नव्हतं. आता पू धरलाय.

"आमच्या कानिफचीच बाटली," म्हातारी म्हणाली. "दुसरं कोन बसतंय तिथं ढोसत? सारं गाव थुकलं माझ्या तोंडावर. म्हनलं, तुझ्या पोरानं पान्यात काचा टाकल्या. म्या त्याला घराभायेर काडला. भाकरी देते वसरीला, पन उंबरा चढू देत न्हाई."

सूर्यभानाच्या हातातला कप तसाच राहिला. राहीबाई चुलीपुढं बसली होती, पायाला चिंधी गुंडाळलेली. ती हळूच म्हणाली, "म्या आत्याबाईंना म्हनलं हुतं, बाटलीची काच आसली पातळ नसती. नखावानी हुती."

"तू गप," बायडाबाई म्हणाली. "त्याची बाजू घिऊ नगंस."

हीच ती वेळ होती. सूर्यभानानं तोंड उघडलंही. पण बाहेर आलं ते भलतंच. पायाला हळद लावता का, असं काहीतरी त्यानं विचारलं आणि तो उठला. त्या दिवशी तो विहिरीत शेवटच्या पायरीपर्यंत उतरला. पाणी आणखी ओसरलं होतं. कडेच्या चिखलात पाऱ्याचे दोन-तीन मणी चकाकत होते. त्यानं ते चिमटीत धरायला पाहिलं, तर ते निसटून फुटले आणि बारीक होऊन चिखलात शिरले. शेजारीच एक बाई तांब्यानं हंडा भरत होती. तिनं कुतूहलानं विचारलं, साहेब, पाणी हाय का अजून खाली? तो म्हणाला, आहे. आणि वर आला.

हे दुसऱ्यांदा गप्प बसणं त्याला पहिल्यापेक्षा जास्त लागलं. पहिल्यांदा गाडी तरी होती. भिंगारला त्यानं ओळखीच्या कंपाउंडरला सहज विचारल्यासारखं विचारलं, पारा पोटात गेला तर काय होतं? कंपाउंडर म्हणाला, थोडासा असेल तर बहुतेक बाहेर पडून जातो, पण जिथं सांडला तिथलं पाणी मी तरी पिणार नाही. कुणी गिळला का? सूर्यभान नाही म्हणाला. घरी बायकोनं ताट वाढलं, तेव्हा पोट दुखतंय म्हणून तो तसाच आडवा झाला.

पुढच्या महिन्याची वाट त्याला बघवेना. रजा टाकून तो करंजवाडीला निघाला. फाट्यावर उतरून थोडा पुढं गेला, तर रस्त्याच्या दुष्काळी कामावर माणसं खडी फोडत होती. त्यांच्यातच कानिफनाथ दिसला. दाढी वाढलेली, डोळे मात्र स्वच्छ. सूर्यभानाला बघून तो उठला, हात जोडले. आई कशी आहे, पाय कसा आहे, असं सूर्यभानानं विचारलं.

कानिफ म्हणाला, की वहिनीला आता खाली उतरू देत नाही, दिवस उगवायच्या आत हंडे आपणच भरून दारात ठेवतो. आई घेते, पण बोलत नाही. मग तो खाली बघून म्हणाला, "दारू सोडली, भाऊसाहेब. बाटली टाकल्याली मला याद न्हाई. पन पेल्यावर कशाची याद ऱ्हातीय? माझ्याच हातनं झालं आसंन. वहिनीचा पाय गेला आसता तर?"

सूर्यभान हे सगळं ऐकत उभा राहिला. आणि त्याच्या मनात असा विचार आला, की पुढं जन्मभर त्याची त्याला शिसारी वाटली. विचार असा, की मग बरंच झालं की. पोरगा सुधारला. आता कशाला सांगायचं? पाय बरा होईल, पाऊस पडला की विहीर भरेल, सगळं बुडून जाईल. तो चक्क परत फिरला. फाट्यापर्यंत गेलाही. तिथं झाडाखाली बसला असताना समोरच्या उन्हात कानिफ पुन्हा उकिडवा बसून खडी फोडायला लागलेला दिसत होता. केलं नाही त्याची शिक्षा हा माणूस निमूट भोगत होता, आणि तिच्यातून आपण आपला फायदा काढतोय. सूर्यभान उठला, कानिफपाशी गेला आणि म्हणाला, "चल घरी. तुझ्या आईपुढं मला बोलायचंय."

बायडाबाई वसरीवर धान्य निवडत होती. राहीबाई दाराशी. कानिफ अंगणातच थांबला. सूर्यभानानं उभ्याउभ्या सांगितलं. नळीतून काढलेला थर्मामीटर, गाडीची घाई, खिशात घातलेलं टोक, साहेबांना मारलेली थाप, मागच्या वेळी इथंच चहा पिऊन गप्प बसणं, सगळं. बोलताना कुणी मध्ये ओरडेल, शिवी देईल, असं त्याला वाटत होतं. कानिफ तेवढा अंगणातून दोन पावलं पुढं आला.

शेवटी राहीबाईनं विचारलं, "हंड्याच्या बुडाला घावली ती चमकनारी गोळी काय हुती? पोरगी तळहातावर घिऊन खेळली एक दिस."

सूर्यभानानं सांगितलं, तो पारा, तो वाईट असतो, विहीर उपसून तळाचा गाळ काढायला हवा, तोवर ते पाणी पिऊ नका. हे त्यानं महिन्यापूर्वीच सांगायला हवं होतं, असं राहीबाई म्हणाली नाही. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली, आणि त्याची मान खाली गेली.

कानिफ मात्र सूर्यभानाकडे बघतच नव्हता. तो आईकडे बघत होता. "वहिनी सांगत हुती, काच पातळ हाय," तो म्हणाला. "तू मला येकदा तरी इचारायचं हुतं, आई."

बायडाबाईनं सुपातलं धान्य उगीचच दोनदा फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सूर्यभानानं साहेबांना खरं सांगितलं. साहेबांनी आधी बोलून घेतलं, मग तहसिलात जाऊन करंजवाडीला टँकर धाडायची सोय केली. विहीर उपसायला गावची माणसं उतरली, तसा सूर्यभानही उतरला. दोन दिवस तो कमरेएवढ्या चिखलात उभा राहून घमेली भरून देत होता. गाळ दूर माळावर खड्डा घेऊन पुरला. गाळातून काचेचे तुकडे निघाले. पारा कुणाला दिसला नाही. गावकरी त्याच्याशी कामापुरतं बोलले. टँकरचं पाणी त्यांनी त्यालाही दिलं, ते तो खालच्या मानेनं प्यायला.

नोकरी राहिली. करंजवाडी दुसऱ्याला द्या, म्हणून त्यानं विनवलं, पण साहेब म्हणाले, तिथं तूच जायचं. पुढच्या खेपेला तो गेला तेव्हा राहीबाईचा पाय भरून आला होता. पोरगी अंगणात खेळत होती, ठणठणीत. कानिफ मात्र नव्हता. विहीर उपसून झाली त्याच रात्री तो न सांगता निघून गेला होता. बायडाबाई त्या दिवशी विहिरीपर्यंत चालत आली. ती खंगली होती. सूर्यभानाचं मोजून होईपर्यंत ती कठड्याला धरून उभी राहिली आणि मग म्हणाली, "तुमी नगरकडं ऱ्हाता. कुटं दिसला तर सांगा त्येला, म्हनावं आईनं इचारलं न्हाई, ती आईची चूक झाली."

दर सुट्टीला सूर्यभान नगरच्या मार्केटात, स्टेशनावर, वखारींत हिंडायला लागला. बायको विचारायची, कुणाला शोधताय? तेव्हा एकदा त्यानं तिला सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पोरीला खरंच काही झालं नाही ना?" तेवढंच. पण त्या रात्री ती लवकर झोपली नाही, हे त्याला कळलं.

कानिफ सापडला तो वैशाखात, सूर्यभानाच्या राहत्या भिंगारच्याच बाजारात. एका अडत्याच्या दुकानापुढं पोती उतरवत होता. अंगावर घाम, तोंडाला दारूचा वास नाही. सूर्यभानानं आईचा निरोप जसाच्या तसा सांगितला. कानिफनं पाठीवरचं पोतं खाली ठेवलं, मुंडाशानं तोंड पुसलं आणि बराच वेळ ते तोंडावर तसंच धरून ठेवलं.

"पाऊस पडला की येतो म्हनावं पेरनीला," तो म्हणाला. मग विचारलं, "वहिनीचा पाय?"

सूर्यभान म्हणाला, बरा आहे. अजून काही बोलावं म्हणून तो घुटमळला. माफी मागायची राहिलीच होती. त्या दिवशी वसरीवर त्यानं घडलं ते सगळं सांगितलं होतं, पण माफ कर असं कानिफला एकदाही म्हटलं नव्हतं. तो शब्द जुळवत होता तोवर कानिफनं पोतं पुन्हा पाठीवर घेतलं.

"येवढ्या उन्हाचं माझ्यासाटी हिंडला, लई झालं भाऊसाहेब," तो म्हणाला आणि वाकून दुकानात शिरला.

सूर्यभान रस्त्यात उभा राहिला. चार माणसांत शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. हे 'भाऊसाहेब' मात्र सोसवेना.