पुसलेली सावली

सन दोन हजार चारची ही गोष्ट. त्या वर्षी स्टुडिओतून रीळ गेलं आणि कॅमेऱ्यात बोटाच्या पेराएवढं कार्ड आलं.

रंगारीणबाईंनी तीस वर्षं काळ्या-पांढऱ्या फोटोंत ब्रशाने रंग भरले होते. पन्नाशी उलटल्यावर त्यांना कॉम्प्युटरपुढे बसावं लागलं. पहिले आठ दिवस त्या माउसला हात लावायला धजेनात, पण महिन्याभरात हात असा वळला की मालक म्हणाले, "बाई, तुमच्या हाताखाली उंदीरही नांदतो!" एक गोष्ट मात्र त्यांच्या डोक्यातून जाईना. रंग फोटोला लागतो, निगेटिव्हला नाही. फोटो बिघडला तर बिघडू दे, निगेटिव्ह पत्र्याच्या डब्यात सुखरूप असते. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एकही हरवली नव्हती.

एके दुपारी मालकांनी नदीवरच्या पुलाचा फोटो काढून आणला. तीनचं रणरणतं ऊन आणि पुलावर लांबवर सायकलवरचा एक माणूस.

"कॅलेंडरला द्यायचाय," मालक म्हणाले. "पण हे कपडे वाळत घालायचं ऊन झालं. बघणाऱ्याच्या पोटात कालवलं पाहिजे."

बाईंनी उजेड उतरवला. दुसऱ्या फोटोतले ढग आणून पुलावर ओणवे केले. नदीला शिशाचा रंग दिला. बघता बघता दिवस मावळला.

"सायकलवाल्याची सावली राहिली की! तिन्हीसांजेला एवढी काळी सावली कुठली? उडवा."

बाईंनी सावली पुसली. जुन्या फोटोच्या जागीच हा ठेवू का, असं कॉम्प्युटरने विचारलं. बाईंनी 'हो' दाबलं. मूळ कुठेतरी असणारच, हे त्या धरूनच चालल्या होत्या. तासाभराने मालकांनी दुसऱ्या दिवशीच्या लग्नाचे फोटो काढायला कॅमेऱ्याचं कार्ड कोरं केलं.

पुलाचा कठडा एका जागी तुटला होता. तिथे तांबडा दिवा टांगलेला असे आणि तो रोज सहाला लावायचं काम बाईंच्या धाकट्या भावाचं. त्या दिवशी काम आटोपून जाताना तो स्टुडिओत डोकावला.

"बघ, तुझा दिवा आलाय फोटोत."

"विझलेला आलाय की, अक्का! अब्रूच काढलीस माझी."

दोघंही हसली.

सायकलवाला म्हणजे गावातले मास्तर. त्या रात्री ते घरी पोचले नाहीत. पहाटे कठड्याच्या तुटक्या सळईला सायकल लटकलेली दिसली आणि दुपारी मास्तरांचा देह नदीच्या खालच्या अंगाला वाळूत सापडला. पडताना कोणी पाहिलं नव्हतं.

शेवटचा फोटो म्हणून बाईंनीच चौकटीत घालून तो मास्तरांच्या बायकोला नेऊन दिला. त्यात आपण काय काय केलंय, ते त्या बोलल्या नाहीत. दुःखाच्या घरी कोण कामाचं बोलतं? बायकोने फोटो उराशी धरला. तिच्या भावाने मात्र तो खिडकीशी नेऊन निरखला.

"अंधारून आलंय," तो म्हणाला, "आणि दिवा लावलेला नाही."

चौकशी बसली. बाईंच्या भावाने शपथेवर सांगितलं, दिवा सहाला लावला होता. चौकशीच्या साहेबांनी टेबलावरच्या फोटोवर नुसतं बोट ठेवलं.

बाई मालकांच्या पाया पडायच्या बाकी राहिल्या. "फोटो दुपारचा होता, एवढंच सांगा."

"बाई, पोलीस-कोर्टाचे फोटो आपण काढतो. एक फोटो खोटा म्हटला, तर बाकीचे कोण खरे मानील?" मालकांनी चौकशीत सांगितलं, वेळ आठवत नाही. कॅमेऱ्यातलं घड्याळ कोणी लावलंच नव्हतं. त्याच्या लेखी रोज एक जानेवारी.

शेवटी बाईंनी साहेबांना स्टुडिओत आणलं. "करूनच दाखवते," म्हणाल्या. शाळेच्या मैदानाचा भर दुपारचा फोटो त्यांनी समोर घेतला. काम चोख. वीस मिनिटांत मैदानावर सांज उतरली, झाडाखालच्या सावल्या गेल्या. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"कमाल आहे, बाई! आणि संध्याकाळची दुपार करता येते?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं.

"येते," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही उद्या उन्हातला फोटो आणलात, तरी तो मी कसा मानू? मूळ आहे?"

"नाही."

"आणि तुम्ही त्याची सख्खी बहीण."

भाऊ बाहेर पायरीवर बसला होता. बाईंचा चेहरा पाहून तो उठला. "चल, अक्का," एवढंच म्हणाला.

त्याची नोकरी गेली. पुढे तो एका गोदामाच्या दारावर बसू लागला. बहिणीला उणा शब्द कधी बोलला नाही, आणि तेच बाईंना सोसवेना. स्वतःच्या पोरीच्या लग्नातही कोणी कॅमेरा रोखला की तो खांबाआड व्हायचा. कठडा पुढच्या वर्षी दुरुस्त झाला. कॅलेंडर छापून आलं. पूल डिसेंबरच्या पानावर होता. मोबाइल आले तसा स्टुडिओ बसला, आणि मालक मुलाकडे निघून गेले ते कायमचे. मास्तरांची बायको अजून आहे. फोटो तिच्या भिंतीवर आहे. बाई समोरून आल्या तर ती पलीकडच्या बाजूने जाते. एकदा बाईंनी तिला गाठून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सायकलवर तेच आहेत ना? मग झालं."

भाऊ गेला तेव्हा घरात त्याचा फोटो सापडेना. बाईंनी स्टुडिओतून घरी आणलेला पत्र्याचा डबा उघडला. त्याची विशीतली निगेटिव्ह होती, नोकरीच्या अर्जासाठी काढलेली. फोटो काढून घ्यायला त्यांनी ती दुकानात नेली. फोटोत कानामागे भिंतीवर गडद सावली पडली होती.

"ही काढून टाकू का?" दुकानातल्या पोराने विचारलं.

"हात लावू नकोस," बाई म्हणाल्या.