गणेशपट्टी

मार्गशीर्षातली सकाळ. कृष्णाकाठचं कोवळं, केशरी, दवभिजलं ऊन उसाच्या रुपेरी तुऱ्यांवरून ओघळत होतं. त्या उन्हात, पांदीच्या वाटेनं, वैजयंता लंगडत घरी येत होती. देशासाठी बास्केटबॉल खेळलेली, रेल्वेच्या संघाची कप्तान वैजयंता. आता तिचा खेळ संपला होता.

काय ती उंची! ताडमाड, गगनवेडी, शिवारात कुठूनही दिसणारी. लहानपणी बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, "हौसाबाई, जावई शिडी घेऊनच बोहल्यावर चढंल गं बाई!" आई ओशाळायची आणि पोरीला बजावायची, "वाकून चाल, वैजू." घराचं दारही मेलं ठेंगणं, माथ्यावरच्या लाकडी गणेशपट्टीला कपाळ आपटायचं. मग पोर वाकायला शिकली. दारात वाकली, वर्गात वाकली, चारचौघांत वाकली. ऐन कोवळ्या वयात पाठीला पोक आलं.

एकच जागा अशी, जिथं तिला कुणी वाक म्हणालं नाही. शाळेच्या पटांगणातली गंजलेली, जाळी फाटलेली रिंग. तिच्याखाली वैजू सरळ झाली. चेंडूचा ठेका, पावलांचा ठेका, काळजाचा ठेका. आणि मग ती झेप, ती मुक्त, धनुष्यवक्र, मेघस्पर्शी झेप! त्या तालावर तिचं सारं तारुण्य नाचलं. देशोदेशीची झळझळती मैदानं, छातीवर देशाचं नाव, कानांत टाळ्यांचा पाऊस. लोक मान वर करून तिच्याकडे बघायचे, आणि तिला त्याचं फार, फार सुख वाटायचं.

गेल्या महिन्यात अखेरचा सामना झाला. शेवटच्या झेपेत गुडघा गेला. चेंडू रिंगच्या काठावर घुटमळला आणि बाहेर पडला. संघ हरला. डॉक्टर म्हणाले, आता पुरे.

गुडघ्याचं दुखणं ती सोसत होती. भीती निराळीच होती. मैदान सुटलं, आता जन्मभर पुन्हा वाकायचं. गाव तेच, दार तेच, आणि आपण नुसत्याच उंच.

अंगण आलं. कडेला वाळूचा ढीग, विटांचे तुकडे. आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. इवलीशी, सुरकुतलेली, हसरी आई.

"नको गं ओवाळू. हरून आलेय मी."

"हरलीस म्हून काय वाटंवर टाकू व्हय तुला?"

वैजयंता सवयीनं वाकली. आईनं तिच्या हनुवटीला हात लावून तिला थोपवलं. गवंड्याचं घमेलं पायानं उपडं केलं, त्यावर चढली आणि टाचा उंचावल्या.

"आता वाकायचं न्हाई. लई वाकवलं मी तुला."

तेव्हा कुठं वैजयंतानं वर पाहिलं. भिंत फोडून नवी, उंच चौकट बसवली होती. चौकटीभोवतीचा गिलावा अजून ओला होता. आणि माथ्यावर, हातभर वर, तीच जुनी गणेशपट्टी. गणपतीला ताजा शेंदूर. तिला हुंदका आवरेना.

तुकडा ओवाळून झाला. पायांवर गार पाणी पडलं. उंबरठ्याशी तिची मान जन्माच्या सवयीनं खाली गेली, क्षणभर थांबली, आणि हळूहळू, हळूहळू वर आली.

ताठ मानेनं ती आत गेली. झेंडूचं तोरण केसांना निसटतं शिवलं, झुललं, झुलत राहिलं. आणि मागं, उपड्या घमेल्यावर उभी असलेली आई, मान वर करून, लेकीकडं बघत राहिली.