‘जातो’ची कळ

मिठबावच्या आंबा सोसायटीत १९८९ साली कॉम्प्युटर आला आणि पेट्या भरणाऱ्या दुर्गाला, दहावी पास म्हणून, त्याच्यापुढे बसवलं. यंत्र एक, पण आत पडदे चार. एकावर बागायतदारांची बिलं, दुसऱ्यावर ट्रकांच्या पावत्या, असं. एक कळ दाबली की हातातलं काम तसंच ठेवून पुढच्या पडद्यावर जाता येई; दुसरी दाबली की काम साठवून पडदा मिटे. मालवणहून शिकवायला आलेल्या एस्पेरांसा टीचरनी कळांवर चिठ्ठ्या डकवल्या. पहिलीवर ‘येतो’, दुसरीवर ‘जातो’.

टीचर परतल्या आणि घोळ सुरू झाला. दुर्गा पडदे बदलायची, पण मिटायची नाही. दुपारपर्यंत चारही पडद्यांवर अर्धीमुर्धी कामं साचत, यंत्र हटून बसे, आणि सगळी मेहनत पाण्यात जाई. सेक्रेटरी भाई मुळातच तापट. पुन्हा अडलं तर परत पेट्या भरायला, असं त्याने बजावलं. घरात मिळवणारी ती एकटी. पेट्यांचं काम आंब्याबरोबर संपतं, ही खुर्ची बारमाही होती.

भाईने टीचरना बोलावून घेतलं. त्या शेजारी बसून बघत राहिल्या. दुर्गाचा हात ‘जातो’पर्यंत जाई आणि मागे येई. समजत नाही का, असं त्यांनी विचारलं. समजतं सगळं, दुर्गा म्हणाली.

“टीचर, आमचे ह्ये होडी काढताना घायत ‘जातंय’ म्हणान गेले. ते गेले ते गेलेच. माझ्यान ती कळ दाबवणा नाय.”

भाई हसायच्या बेतात होता, तो खिडकीबाहेर बघू लागला. टीचर मात्र स्वतःवरच चिडल्या. आपली आई चर्चमध्ये मिस्साला निघतानासुद्धा दारातून ‘येतंय’ म्हणते, आणि आपण हे काय लिहून बसलो, अक्कल चरायला गेली होती, म्हणाल्या. त्यांनी नखाने चिठ्ठी खरवडली आणि नवी डकवली: ‘उद्या येतो’.

दुर्गाने एकेक करून चारही पडदे मिटले.

दुसऱ्या दिवशी ती भाईच्या आधीच पोचली. यंत्र सुरू केलं. काल अर्ध्या ओळीवर सोडलेलं बिल त्याच ओळीवर उघडलं. ती त्याच्याकडे नुसती बघत बसली. भाईने दारातूनच विचारलं, चालतंय ना.

“ह्यां सांगल्याप्रमाणा परत इला,” दुर्गा म्हणाली, आणि उरलेली ओळ टाइप करू लागली.