शिडी वर ओढली

मला कंपनीत पगार मिळतो तो बसण्याचा. थट्टा नाही. टाकी साफ करायला माणूस आत उतरला, की वर तिच्या तोंडाशी एक माणूस बसवायचा आणि काहीही झालं तरी त्याने आत जायचं नाही, असा नियम आहे. तो बसणारा मी, नागोराव. नांदेडहून तारापूरच्या एमआयडीसीत आलो त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. कॅन्टीनमध्ये पोरं विचारतात, "काका, आज बसून बसून दमलात का?" मी म्हणतो, "तुमच्या बापाला जमलं नसतं." मग ती हसतात आणि माझ्याच ताटातली मिरची उचलतात.

त्या मंगळवारी सकाळी आत जिवल्या उतरला होता. विक्रमगडकडच्या पाड्यावरचा गडी. भाताची कापणी उरकली की तो आणि त्याची बायको भागी सरावलीत खोली घेऊन राहतात आणि ठेकेदाराकडे काम करतात. दोन लेकरं पाड्यावर आजीपाशी. जिवल्या आत गाळ खरवडून बादलीत भरायचा, बादली मी वर ओढायचो आणि टाकीबाहेर खाली जमिनीवर सोडायचो, तिथून भागी ती रिकामी करून आणायची. सकाळी उत्कर्षा मॅडमनी मीटर लावून हवा तपासली होती. मॅडम आमच्या सेफ्टी ऑफिसर. वय सव्वीस, पण सही करताना हात आखडता. हवा ठीक होती, ब्लोअरची नळी आत सोडलेली होती, जिवल्याच्या कमरेला सेफ्टी बेल्ट होता आणि बेल्टचा दोर माझ्या हातात.

अकराच्या सुमाराला बादली येईना. मी हाक मारली, ओ नाही. बॅटरी मारली तर जिवल्या भिंतीला टेकून पडलेला, मान एका बाजूला. गाळ उकरला की खाली कोंडलेला वायू कधी कधी एकदम सुटतो, तसा सुटला होता. मी दोर ओढला आणि दोर सरसर वर आला, रिकामा. टाकीतल्या ढवळणीच्या पात्याला सारखा अडकतोय म्हणून जिवल्याने तो बेल्टातून सोडून ठेवला होता. तासभर मी दोर धरून बसलो होतो आणि मला वाटत होतं, दुसऱ्या टोकाला जिवल्या आहे. मधूनमधून ओढून बघायचं माझं काम होतं. मी बघितलं नव्हतं. ही चूक माझी, ती मी कुणावर ढकलणार नाही.

शिट्टी फुंकली तसा पहिला वर आला हितेश, ठेकेदाराचा मुकादम. तोंडाला ओला रुमाल बांधलेला आणि गालात गुळाचा खडा! ओला रुमाल बांधला आणि गूळ खाल्ला की गॅस लागत नाही, हे शास्त्र आमच्याकडे कुणी काढलं देव जाणे, पण त्याच्यावरचा विश्वास काही उडत नाही.

"सरका काका, मी पटकन जातो नि आणतो."

"पटकन जाशील," मी म्हणालो, "पण आणणार कोण? तुला?"

तो घुटमळला. तेवढ्यात त्याच्या काखेखालून भागी पुढे घुसली. लुगडं खोचलेलं, आणि मी वळेपर्यंत तिचा एक पाय शिडीवरसुद्धा पडला होता. मी तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. ती पुन्हा वाकली. मी पुन्हा ओढलं. तोवर खाली माणसं जमली होती. मी आतली शिडी हातावर हात टाकत वर ओढली आणि पलीकडच्या अंगाला फेकून दिली.

त्यानंतर मला ज्या शिव्या पडल्या, त्या मराठीत होत्या, हिंदीत होत्या, दोन-चार मला कळल्याही नाहीत. "अरे, मार डाला उसको!" कुणीतरी ओरडलं. ते खोटं ठरेल याची मला तरी कुठे खात्री होती?

"हितेश, तो रुमाल काढ आणि हिला धर!" मी ओरडलो. कसा कोण जाणे, त्याने ऐकलं.

भागी त्याच्या हाताला चावली. "सोड मला! माजा माणूस हाय आत! माजा जीव हाय, मी तो कोणाला पण देईन, तू कोण मला अडवणारा?"

"दे की!" मीही पेटलो होतो. "पण त्याच्या काही उपयोगाला येऊ दे! तू आत गेलीस की दोन श्वासांत त्याच्या शेजारी पडशील. मग दोघांना ओढायचं, तेवढ्याच वेळात. तुझ्यापायी तो मरेल, भागी!"

हे मी पुस्तकातलं बोलत नव्हतो. चौदा वर्षांमागे दुसऱ्या एका कंपनीत माझा धाकटा भाऊ बळवंत असाच एका पडलेल्या माणसाच्या मागे उतरला. त्याच्या मागे आणखी एक. तिघेही गेले. गावाकडे बळवंतचा फोटो लावला, भाषणं झाली, दुसऱ्यासाठी जीव दिला म्हणून सगळ्यांनी डोळे पुसले. मी पुढच्या रांगेत बसून दात आवळत होतो. दुसरा वाचला असता तर मीही डोळे पुसले असते हो, मोठ्या अभिमानाने पुसले असते! पण त्यात कुणीच वाचलं नाही, आणि ते एकही भाषणवाला बोलला नाही.

म्हणून मी जिवल्याकडे बघत बसलो नाही. रिकामा दोर ब्लोअरच्या नळीला बांधला आणि नळी थोडी थोडी सरकवत तिचं तोंड त्याच्या तोंडापाशी नेलं. त्याच्या कपाळावरचे केस हलायला लागले. ते हवेने हलत होते, हे मला माहीत होतं, तरी जीवात जीव आला.

चार मिनिटांनी उत्कर्षा मॅडम आल्या. मागे दोघं चेन पुली आणि ती टांगायचं तीन पायांचं तिकाटणं घेऊन. मॅडमनी हवेच्या नळीचा मुखवटा चढवला, बेल्ट आवळला, माझ्याकडे बघितलं. चेहरा पांढराफटक पडला होता. सराव दहा वेळा झाला होता, पण खरी वेळ ही पहिलीच.

"तुमचा दोर मी स्वतः धरतोय," मी म्हणालो. "यावेळी हात दोरावर आणि डोळे तुमच्यावर."

त्यांना पुलीवर आत सोडलं. खाली पोचल्या, जिवल्याच्या बेल्टला दुसरा हूक लावला, आणि मुखवट्यातून आवाज येत नाही म्हणून दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. "ओढा रे!" मी बोंबललो. मला शिव्या देणारे सगळेच साखळीला झोंबले. हितेश तर गूळ थुंकून ओढत होता.

जिवल्या वर आला. ऑक्सिजन लावला. एक, दोन, तीन, आणि तो असा खोकला, असा खोकला, की शेजारच्या प्लांटमधली माणसंसुद्धा धावत आली. मग जो गलका झाला! शिट्ट्या, टाळ्या, कुणी पान्याने पाइपच बडवतोय. मॅडम बाहेर येऊन जिन्यावर बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मी साठीला टेकलेला माणूस, मीही त्या पत्र्यावर दोन पावलं नाचलो. लाज कशाची? आत दोघं गेली होती आणि बाहेरही दोघं आली होती, दोघंही श्वास घेत!

फक्त भागी माझ्याशी बोलली नाही. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना तिने माझ्याकडे बघितलं, ते मला अजून आठवतं. नवरा वाचला होता, पण ज्याने शिडी ओढली त्याला ती विसरली नव्हती. आणि खरं सांगतो, जिवल्या गेला असता तर मी बरोबर असूनही तिला आयुष्यभर तोंड दाखवू शकलो नसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बोईसरच्या दवाखान्यात गेलो. भागी पलंगाशी बसली होती. माझ्यासाठी स्टूल सरकवलं, पण तोंड भिंतीकडेच. सिस्टरने जिवल्याच्या तोंडावरचा मास्क थोडा वेळ काढला. घसा सोललेला, आवाज नुसता वारा.

"भागी," तो म्हणाला, "तू आत आलेली काय?"

"नाय." ती खाली बघत म्हणाली. "मी येत होती. या काकांनी शिडीच काढून घेतली. येऊ नाय दिली."

जिवल्याने डोळे मिटले. मला वाटलं, झोपला. मग त्याने चादरीतून हात काढून माझं मनगट धरलं.

"बरा केला, काका," तो म्हणाला. "ती आत राहिली असती, तर मी वर येऊन काय केला असता? पोरांना काय सांगितला असता?"

भागीने आधी त्याच्याकडे बघितलं, मग कालपासून पहिल्यांदाच नीट माझ्याकडे. आणि दवाखान्यात आहोत, आजूबाजूला आजारी माणसं आहेत, कशाचीही पर्वा न करता तिने भोकाड पसरलं. सिस्टर धावत आली, काय झालं, काय झालं म्हणून.

"रडू द्या, सिस्टर," मी म्हणालो. "दोघंही जिवंत आहेत."