दोन डोकी, एक कंगवा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कंगवा आहे. एका कारागिराने माझा दात न् दात घासून गुळगुळीत केला आणि मी जुळ्या बहिणींच्या घरी आलो. आई सकाळच्या पाळीला लवकर जायची, म्हणून वेण्या घालण्याचे काम बाबांकडे होते. "काय सुरेख कंगवा आहे!" असे ते म्हणायचे, तेव्हा माझी छाती फुगायची.

बाबा भलतेच न्यायी. मुलींचे कपडे सारखे, रिबिनी सारख्या, शाम्पूची बाटलीही एकच. विंचरायला आधी थोरली बसायची, मग धाकटी. वयात काही मिनिटांचाच फरक, पण मान म्हणजे मान! थोरलीच्या टाळूचे तेल मला चिकटायचे आणि धाकटीचा कोंडा त्यावर बसायचा. शेवटी मला पुसताना बाबांना दिसायचा तो नुसता चिकट लगदा. "दोघींची डोकी तेलकट," असा निकाल लावून त्यांनी एक जहाल शाम्पू आणला. रोज दोघींची डोकी खसाखसा धुतली जाऊ लागली.

थोरलीला तो मानवला. धाकटीची टाळू मात्र मुळातच कोरडी. ती आणखी तडकली. धाकटी वर्गात डोके खाजवायची आणि मुली हसायच्या. एकदा ती रडतच म्हणाली, "बाबा, कापून टाका माझे केस. अगदी बारीक!" कमरेपर्यंतचे केस हो! मला फार वाईट वाटले. पण मला तोंड नाही, नुसतेच दात.

केस कापायचा दिवस उजाडला. "आज माझी शेवटची वेणी," धाकटी म्हणाली. "आज मी पहिली बसणार." थोरली निमूटपणे बाजूला झाली. बाबांनी हळूहळू विंचरले, मला पुसायला घेतले आणि ते थबकले. माझ्या दातांत कोरडा भुगा होता, चिकटपणाचे नाव नाही.

"अगं, तुझं डोकं तर कोरडं ठाक आहे! आणि मी वेड्यासारखा ते रोज धुतोय!"

"मग आता कापायचे नाहीत ना?" थोरलीनेच विचारले.

केस वाचले. धाकटीसाठी सौम्य शाम्पू आला, तोही रोज नाही. धुण्याआधी टाळूला थोडे तेल. थोरलीचा शाम्पू तोच राहिला, तिला नवा कंगवा मिळाला. हळूहळू धाकटीची खाज थांबली.

मित्रांनो, बाटली निवडण्याआधी आपली टाळू ओळखा, आणि कंगवा आपापला ठेवा. माझे अर्धे काम गेले, पण मी खूश आहे. आता आधी कोण बसणार हा प्रश्नच उरलेला नाही, तरी रोज सकाळी धाकटी लांब केस मोकळे सोडून विचारते, "बाबा, आज मी पहिली ना?"