घुगरीचं बारसं

हे कोणी खरं मानणार नाही, आणि मानलंच तर त्याच्या डोक्यात फरक आहे असं खुशाल समजावं. पण परतवाड्याच्या स्टँडसमोर, या टपरीवर आजवर जे जे सांगितलं गेलं, त्यात याच्याइतकं खरं दुसरं काही नाही.

अचलपूरची पौर्णिमा. घरच्या शेतात वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, गेंद्याची फुलं. अमरावतीला कॉम्प्युटर शिकली आणि तिनं एक प्रोग्रॅम लिहिला. सकाळी जो शेतकरी ज्या बाजारात उभा असेल त्यानं तिथला भाव टाकायचा. माल अकोल्याला न्यावा की मूर्तिजापूरला, हे बाकीच्यांना घरबसल्या कळे. फुकट. आतली लिखावटसुद्धा उघडी: घ्या, बदला, पुढे द्या.

नाव तेवढं सुचेना. अशात भावाच्या लेकराचं बारसं आलं. पौर्णिमा आत्या, तेव्हा तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि रीतीप्रमाणे पाठीवर धपाटे खाल्ले. तिची स्वतःची आत्या गंगूबाई म्हणाली, आता तुह्या लेकराचं काय? झालं. पोरगं उचललं, पाळण्यात लॅपटॉप घातला. ‘कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या’ करत बायांनी तो पाळण्याच्या वरून-खालून फिरवला. गंगूबाईच्या तोंडात घुगऱ्यांचा बोकणा होता. तशीच वाकली आणि म्हणाली, ‘घुगरी.’ आलेल्या प्रत्येकाला मूठ मूठ वाटतात ती. नाव बसलं ते बसलंच. पण बारशातलं नाव कोणी कागदावर उतरवतं का? फाइलींत ते कितीतरी उशिरा चढलं.

पुढे पुण्याच्या एका कंपनीनं तो प्रोग्रॅम उचलला. त्याचं पौर्णिमेला काही वाटलं नाही. घ्या म्हटलंच होतं. पण कंपनीनं ‘घुगरी’ हे नाव स्वतःचा ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं आणि वर पौर्णिमेलाच नोटीस धाडली, की आमचं नाव वापरणं बंद करा. त्यांच्या घुगरीवर भाव टाकत दलाल. मूर्तिजापूरच्या डोमाजीनं तो भाव पाहून कोबी अकोल्याला नेली, तिथे ती कोणी विचारली नाही, आणि शिव्या द्यायला तो आला पौर्णिमेच्या दारात.

भाऊ किशोर म्हणाला, सोड ते नाव, दुसरं ठेव. वकील उत्तमरावांचंही मन तिकडंच.

“नाव नाई सोडत,” पौर्णिमा म्हणाली. “डोमाजीकाका नावावर भरोसा ठेवून गेले. उद्या दुसरं ठेवलं, तं तेबी उचलतीन. कितीक डाव पळू?”

मग उत्तमरावांनी सांगितलं, नाव आधी तुम्ही वापरलं हे दाखवा. कागद नाही, तर साक्षीदार आणा. साक्षीदार म्हणजे आख्खं बारसं. निघाल्या सगळ्या बाया मुंबईला, ट्रेडमार्कच्या ऑफिसात, पाळण्यासकट.

निकाल देणाऱ्या साहेबांपुढे कंपनीचा वकील उभा, मोठा वस्ताद. म्हणाला, यांनीच ‘घ्या, घ्या’ म्हणून गाणं म्हटलं, आम्ही घेतलं तर चुकलं कुठं?

पौर्णिमा उभी राहिली. “साहेब, बारशात लेकरू सगळ्यायच्या मांडीवर जाते. म्हनून घेनाऱ्याच्या बापाचं नाव त्याले लागत नाई. आन त्याचंच नाव चोरून जो दुसरं पोट्टं पाळण्यात घालन, त्याले आमी पाहुना नाई म्हनत.”

मग साहेबांनी स्वतः स्टुलावर चढून पंख्याच्या कडीला पाळणा टांगला. गंगूबाईनं लॅपटॉपच्या कानात नाव सांगितलं, तर लॅपटॉप बटण न दाबता जागा झाला आणि साऱ्या वऱ्हाडचे भाव घडाघडा बोलू लागला. बायांनी आनंदात धपाटे घातले ते साहेबांच्या पाठीवर. नोंद रद्द. कंपनीच्या मालकानं पाळणा डोक्यावर घेऊन स्टेशनपर्यंत पोचवला, आणि मूर्तिजापूरहून आख्खं बारसं शकुंतला गाडीत गाणी म्हणत अचलपूरला...

“शकुंतला कधीची बंद हाये, पंजाबकाका.”

मागं पौर्णिमाच उभी होती, हातात सांभाराची जुडी.

“आन मुंबईले आमी अजून गेलोच नाई. तारीख पुढच्या महिन्यात हाये. जिंकलो जिंकलो म्हनून तुमी गावभर सांगून राहिले, तं बाया घरी बसून राहिल्या. त्या सगळ्या मले साक्षीले पायजे, मी एकेकीले घरून उचलून नेईन. तुमी तेवढे येऊ नका.”